मण्यांच्या गॅलरीत आलेली माणसं

ज्याला मणी घ्यायचा असतो तो घेतो आणि जातो. ज्याला घ्यायचा नसतो त्याला मात्र संकोच वाटतो. पंखा लावून दिलेला असतो, पाणी पिऊन झालेलं असतं, काचेच्या पेट्या एकेक करून उघडून दाखवलेल्या असतात. मग रिकाम्या हाताने उठण्याआधी तो काहीतरी बोलतो. स्वतःचं, घरचं, शेताचं. रिसोडसारख्या गावात काचेचे मणी करून मांडून बसलं की न घेणारेच जास्त येणार, हे उघड आहे. त्यामुळे आठ वर्षांत माझ्याकडे किस्से भरपूर साठले. मैत्रिणी आल्या की चहाचं आधण ठेवायच्या आत विचारतात, "नवीन काय झालं गं?" त्यातलेच काही सांगते.

आधी मी कोण ते सांगायला हवं. मी इथल्या एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून गावातली अर्धी माणसं मला अजून 'बाई'च म्हणतात. माझी मावसबहीण नवऱ्याच्या बदलीमुळे काही वर्षं उत्तर प्रदेशात राहत होती. एका उन्हाळ्यात तिच्याकडे गेले, तर शेजारच्या गावात घरोघरी काचेचे मणी होत होते. काचेची कांडी ज्योतीवर धरायची, मऊ झाली की सळईवर गुंडाळायची, सळई फिरवत राहायची. मी गेले होते आठ दिवसांसाठी, राहिले पंचेचाळीस दिवस. परत आल्यावर दोन वर्षांनी नोकरी सोडली. आमच्या ह्यांचं स्टँडच्या रस्त्यावर कृषी केंद्र आहे. त्याला लागून बियाण्याच्या पोत्यांची खोली होती. ती रिकामी करून मागच्या भागात बर्नर आणि भट्टी ठेवली, पुढच्या भागात पेट्या लावल्या, आणि दारावर पाटी लावली: 'स्टुडिओ आणि गॅलरी'.

*

त्या पाटीपासूनच सुरुवात झाली.

पहिल्याच दिवशी अकराच्या सुमाराला जवळच्या खेड्यातलं एक म्हातारं जोडपं आत आलं. आजोबा खुर्चीवर ताठ बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, दोघांचे पासपोर्ट साइज फोटो काढा, आठ-आठ. मी म्हटलं, इथे फोटो काढत नाहीत.

"मंग स्टुडिओ काहून लिवलं?"

मी समजावून सांगितलं की कलाकार जिथे बसून काम करतो त्या जागेलाही स्टुडिओ म्हणतात. शाळेतली सवय, त्यामुळे जरा लांबलंच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तेवढ्यात आजी उठून बाहेर गेल्या आणि रस्त्यावर उभ्या राहून मान वर करून बघू लागल्या. परत आल्या त्या गोंधळलेल्या.

"अन् गॅलरी कोठं हाय वं? वर तं नुसते पत्रे हायेत."

आमच्याकडे गॅलरी म्हणजे माडीवरची, कठडा असलेली. ही गोष्ट पाटी रंगवून घेताना माझ्या डोक्यातच आली नव्हती.

त्यांना कसल्यातरी योजनेचा फॉर्म भरायचा होता आणि तो शेवटचा दिवस होता. गावातले दोन्ही फोटोवाले लग्नाच्या ऑर्डरीवर गेलेले. मग मी दोघांना पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं, मोबाइलवर फोटो काढून शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणायचं ठरवलं. आजोबांचा फोटो झाला. आजींच्या वेळी त्यांनी मला हाताने थांबवलं आणि विचारलं, फोटोत गळा दिसतो का. दिसतो म्हटल्यावर पेटीतल्या लाल माळेकडे बोट दाखवून म्हणाल्या, तेवढ्यापुरती घालू दे.

घातली. फोटो छान आला. माळ काढून परत देताना त्यांनी ती पदराने पुसून दिली.

म्हणजे माझ्या मण्यांचं पहिलं प्रदर्शन एका सरकारी फाइलमध्ये भरलं, आणि माझ्या अंदाजाने ते अजून चालू आहे. पाटी मी बदललेली नाही. फोटोसाठी अजूनही महिन्यातून एखादा येतोच, आणि भिंत पांढरीच ठेवली आहे.

*

शोभाताई माझ्याकडे आल्या त्या झाडून काढायला. वय पन्नाशीच्या आसपास. वीस-बावीस वर्षं त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. दिवाळीच्या आगेमागे गावातून निघायचं ते उन्हाळ्यात परत. नवऱ्याचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली आला आणि जाणं थांबलं. झाडून झालं की त्या मधल्या दारात उभ्या राहून माझं काम बघायच्या. मग एकदा विचारलं, की मणी झाला तरी तो भट्टीत ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट कशाला बघायची? पाण्यात बुडवला तर दोन मिनिटांत थंड होईल.

मी करूनच दाखवलं. एक गरम मणी पाण्यात टाकला, तो टचकन फुटला. दुसरा बाहेर विटेवर ठेवला. तो गार झाला, आणि दिसायला अगदी धड होता. तो त्यांच्या हातावर ठेवून मी म्हटलं, हाही फुटणार आहे, फक्त कधी ते सांगता येत नाही. वरून गार झाला, पण घाईघाईत झाला, त्यामुळे आतला ताण आतच राहिला. आज फुटेल, नाहीतर महिन्याने कोणाच्या गळ्यात फुटेल.

त्यांनी तो मणी खिडकीत ठेवला. रोज आल्या की आधी तो उचलून बघायच्या, मग झाडू घ्यायच्या. नवव्या दिवशी मी आत आले तर त्या तळहातावर दोन तुकडे घेऊन उभ्या होत्या.

"बाई, माही मोठी लेक अशीच झाली होती," त्या म्हणाल्या.

लग्न झालं आणि चौथ्या दिवशी ती सासरच्या टोळीबरोबर उसाच्या फडावर गेली. हसत गेली. सगळे म्हणायचे, किती लवकर रमली. वर्षभराने माहेरी आली ती एकदम गप्प झाली. सहा महिने घरात कोणाशी शब्द बोलली नाही. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं. शोभाताईंनी हे सगळं खाली बघत, झाडू हातात धरून सांगितलं.

मी घाबरतच विचारलं, "आता कशी आहे?"

"आता बोलते. आता तं लय बोलते. फोन ठेव म्हनावं लागते."

तेव्हापासून भट्टीचा ताबा त्यांच्याकडे आहे. कितीही मोठं गिऱ्हाईक आलं, कितीही घाई असली, तरी वेळ झाल्याशिवाय त्या मलाही झाकण उघडू देत नाहीत. एकदा एका बाईंना गाडी पकडायची होती. त्या फार आग्रह करू लागल्या, तर शोभाताई भट्टीपुढे पाट टाकून बसल्या.

*

माझं माहेर केनवडचं. मी शाळेची नोकरी सोडली ते बाबांना अजिबात पटलं नव्हतं. भांडले नाहीत. फक्त येणं सोडलं. सोयाबीन घेऊन ते रिसोडच्या बाजार समितीत यायचे, आमच्या ह्यांच्या कृषी केंद्रात बसायचे, पाणी प्यायचे आणि शेजारच्या माझ्या दारावरून सरळ स्टँडकडे जायचे. मला खिडकीतून त्यांची टोपी दिसायची. दोन वर्षं असं चाललं. आईला विचारलं तर ती म्हणायची, त्यांचं त्यांना कळू दे.

एके दिवशी लिलाव लांबला आणि त्यांची गाडी हुकली. दुसरी गाडी दोन तासांनी होती. आमचे हे वाशिमला गेले होते, कृषी केंद्राला कुलूप. बाहेर कडक ऊन. बाबा माझ्या दारात आले, चपला काढल्या आणि आत येऊन बसले.

मी बर्नरवर होते. ज्योतीवर काच असली की हात थांबवता येत नाही, नाहीतर मणी ओघळतो. मी नुसतं "बाबा, बसा" एवढंच म्हटलं. ते बघत राहिले. मी एक मणी केला, भट्टीत ठेवला. दुसरा केला.

थोड्या वेळाने ते उठले आणि तयार मण्यांच्या ताटापाशी गेले. ओंजळभर मणी घेतले. एका हातातून दुसऱ्या हातात ओतले. पुन्हा उलटे ओतले. त्यावर हलकी फुंकर मारली. मग त्यातला एक उचलून दाढेखाली घेतला आणि चावला. बाजारात नेण्याआधी सोयाबीनचा दाणा ते असाच चावून बघतात, किती वाळला ते कळायला.

"बाबा, काच हाय ते," मी म्हटलं.

त्यांनी मणी तोंडातून काढला, सदऱ्याला पुसला, उजेडात धरून पाहिला आणि ताटात परत ठेवला.

"वाळला हाय," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून स्टँडकडे गेले.

माझ्या कामाबद्दल ते एवढंच बोललेत, आजपर्यंत. पण मी त्यांच्या घरात वाढलेली आहे. वाईट मालाबद्दल बाबा कधी बोलतच नाहीत. पुढच्या बाजाराला ते आले तेव्हा आधी माझ्याकडे पाणी प्यायले.

*

अकोल्याच्या एका मुलीच्या लग्नासाठी साठ मण्यांची माळ करायची होती. फिकट गुलाबी, आत चांदीचा वर्ख. चार दिवस खपून मणी झाले, शेवटची खेप भट्टीत गेली आणि दुपारी दोन वाजता करंट गेला. माझी भट्टी लहान, पातळ भिंतीची. करंट गेला की झपाट्याने उतरते. परवा माळ द्यायची होती आणि ती काच आता मिळणार नव्हती.

मी चपला घालून निघाले. रस्त्याच्या वळणावर विजेच्या डीपीजवळ लाइनमन उभा होता आणि त्याच्याभोवती सात-आठ शेतकरी. मी घाईघाईने सांगितलं की माझं फार नुकसान होईल, तासभर तरी आमची लाइन चालू करा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. चांगला माणूस होता. म्हणाला, एकच ट्रान्सफॉर्मर धड आहे, दोन्हीकडचा लोड तो घेणार नाही.

"इकडं ह्यायच्या हरभऱ्याले पानी, तिकडं तुमच्या मण्यायले करंट. तुमीच सांगा बाई, कोनाचं बंद करू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यातले दोघं आमच्याच दुकानातून बियाणं नेणारे. कोणी रागावलेलं नव्हतं. मी काय म्हणते याची ते खरोखरच वाट बघत होते. मी म्हटलं, हरभऱ्याचं चालू ठेवा, आणि परत आले.

परत आले तर मागच्या अंगणात धूर. शोभाताईंनी शेजारणीकडून गोवऱ्या आणून पेटवल्या होत्या आणि दोन लोखंडी घमेल्यांत तापलेली राख भरून ठेवली होती. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, वांगी भाजताना निखारा विझला तर ती तापल्या राखेत पुरतो, तसंच करायचं. मला आठवलं, उत्तर प्रदेशातल्या त्या गावातही एक म्हातारी राखेतच मणी गार करायची. मी पाहिलं होतं, आणि पार विसरूनही गेले होते. शोभाताईंनी ते कधी पाहिलंही नव्हतं.

चिमट्याने एकेक सळई काढली, राखेत पुरली, वर आणखी राख ओतली, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर पोती. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शोभाताईंनी मला हात लावू दिला नाही. उघडलं तेव्हा त्या खेपेतल्या सतरा मण्यांपैकी तीन फुटले होते आणि एक डागाळला होता. माळ चार मण्यांनी आखूड झाली, ते अकोल्यात कोणाच्या लक्षात आलं नाही.

लाइनमन चार दिवसांनी मुद्दाम विचारायला आला. म्हणाला, त्या दिवशी तुम्ही भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला झोप आली नाही. मी त्याला वाचलेला एक मणी दाखवला. त्याच्यावर राखेचा बारीकसा करडा डाग राहिला होता, तो माळेत घालता आला नव्हता. त्याने तो मागून घेतला. आता त्याच्या मोटारसायकलच्या किल्लीला आहे.

*

गुलाबराव आले तेव्हा मी नुकतीच एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनाची तयारी करत होते, आणि खरं सांगायचं तर स्वतःला फार मोठी कलाकार समजत होते. त्यांना मोठे मणी हवे होते, आवळ्याएवढे. कोणासाठी, विचारलं तर म्हणाले, आमच्या हिऱ्यासाठी. मला वाटलं नातू असेल. गळ्याचं माप आणलंय का, असं विचारल्यावर त्यांनी खिशातून गाठ मारलेला दोर काढला. तो टेबलावर मावेना.

"नातवाचा गळा एवढा?"

"नातू नाही वं बाई. बैल."

पोळा पंधरा दिवसांवर होता. मला राग आला. मी जरा तोडूनच सांगितलं की मी जनावरांचं सामान करत नाही, ते बाजारात मिळतं. गुलाबराव उठले नाहीत. त्यांनी पेट्यांवरून नजर फिरवली. दुकानात त्या वेळी आम्ही दोघंच होतो.

"माह्या बैलाच्या गळ्यात राह्यले तं सारं गाव पाह्यन. इथं पेटीत कोन पाहून राह्यलं?"

मी टेबलावरचा दोर उचलून मोजायला घेतला. मग बोलता बोलता कळलं की हिऱ्याचा जोडीदार मागच्या वर्षी गेला. शेतीची कामं आता ट्रॅक्टरवर होतात. एकट्या बैलाला काम काहीच नाही. मुलं म्हणतात विकून टाका. गुलाबराव म्हणाले, या पोळ्याला तो एकटाच तोरणाखाली उभा राहणार, जोडी नाही, म्हणून निदान गळा तरी भरलेला असावा.

मी अकरा मणी केले. पिवळे आणि हिरवे, एक सोडून एक. आवळ्याएवढा मणी करणं सोपं नसतं, काच जड होते आणि मनगट भरून येतं. एका मण्याला पाऊण तास लागायचा. इतकं अवघड काम मी त्या प्रदर्शनासाठीही केलं नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी त्यांनी फोन करून बोलावलं. गावाच्या वेशीपाशी जोड्या रांगेत उभ्या होत्या, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. मध्ये हिऱ्या एकटा. त्याच्या शेजारची जागा गुलाबरावांनी मोकळीच ठेवली होती. त्याने मान हलवली की मणी एकमेकांवर आपटून आवाज यायचा, पण एकही फुटला नाही. लोक वळून बघत होते. कोणीतरी विचारलं, हे कुठून आणले. गुलाबरावांनी काठीने माझ्याकडे दाखवलं.

"ह्या बाईनं केले. ह्या बैलायचे मनी करतात."

त्या गावात मी अजून तीच आहे, बैलांचे मणी करणारी बाई. मी दुरुस्त केलेलं नाही.

*

त्या शहरातल्या प्रदर्शनाला मी शोभाताईंना घेऊन गेले. एसी हॉल, पांढरे दिवे, चकचकीत फरशी. त्यांनी नवी साडी घेतली होती आणि पहिला अख्खा दिवस त्या स्टॉलच्या मागे खुर्चीवर हात मांडीत धरून बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी एक अभ्यासू बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात वही. मणी त्यांना मनापासून आवडले. कुठले, विचारलं. रिसोड. ते कुठे? वाशिम जिल्ह्यात. मग त्यांनी विचारलं की काचेचे मणी ही तुमच्या भागातली पारंपरिक कला आहे का, किती पिढ्यांपासून चालत आलेली आहे. त्यांनी पेन उघडलं होतं. मला दिसत होतं की नाही म्हटलं की ते पेन बंद होणार. पण खोटं कसं सांगायचं? मी म्हणायला लागले की तसं काही नाही, मीच काही वर्षांपूर्वी बाहेरून शिकून आले.

मागून शोभाताई उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"पयले नव्हती," त्या म्हणाल्या. "आता हाय."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

वाशिमला बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे माझा स्टॉल होता. तिथला पत्ता घेऊन एक बाई पंधरा दिवसांनी रिसोडला आल्या. नाव रंजना, वय चाळीस-बेचाळीस. राहणार धनजच्या, म्हणजे कारंजा तालुक्यातल्या. तीन गाड्या बदलून आल्या होत्या. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात दोन मुलं आणि सासू. सासरे तर रंजनाच्या लग्नाच्याही आधी गेलेले.

बराच वेळ त्या पेट्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या की बावीस वर्षं गळ्यात काळी पोत होती. ती काढली, पण हात अजून तिथे जातो. भाकरी करताना, निंदताना, कधीही. हात गेला की तिथे काही नसतं.

"काळे मनी घालता येत नाहीत. रंगीत घातले तं लोक म्हन्तीन, हिले आता कशाची हौस आली."

मी विचार करत बसले. माझ्याकडे एक गडद निळी काच आहे. ती जाड घेतली की काळी दिसते, आणि उन्हात धरली की आतून निळी पेटते. मी पोतीचे मणी करून दुसऱ्या दिवशी देते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, पुन्हा येणं होणार नाही. सुदैवाने त्या काचेचे पोतीपुरते मणी तयार होते. एक आधी आत दाखवला, मग पायरीवर नेऊन उन्हात दाखवला. म्हटलं, कोणी काही बोललं तर उन्हात नेऊन दाखवा, काळे नाहीत, निळे आहेत.

त्यांनी तो मणी आत नेला. पुन्हा बाहेर नेला. परत आत आल्या.

"घरात आरशात पाह्यलं तं काळेच दिसतीन?"

"घरात काळेच."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "घरात माहे, उन्हात लोकायचे."

शोभाताईंनी तिथेच बसून पोत ओवून दिली. रंजनाबाईंनी ती घातली, पदर सारखा केला आणि त्या दुपारच्या गाडीने गेल्या.

महिन्याभराने एक म्हातारी आली. एकटीच, काठी टेकत, घामाने डबडबलेली. कपाळ मोकळं, गळा मोकळा. शोभाताईंनी पाणी दिलं ते तिने बाजूला ठेवलं आणि थेट माझ्याकडे बघून विचारलं, "धनजच्या रंजनाले पोत तूच देली काय?"

मी हो म्हटलं. तीन गाड्या बदलून ही बाई भांडायला आली, असंच मला वाटलं. शोभाताईही झाडू भिंतीला टेकवून जवळ येऊन उभ्या राहिल्या.

म्हातारी म्हणाली की सून सांगते ती निळी आहे. गावातल्या बायकांनाही तसंच सांगते, उन्हात नेऊन दाखवते. पण मला मोतीबिंदू आहे, मला तर काळीच दिसते. खरं काय ते तू सांग.

त्या खेपेतले तीन मणी शिल्लक होते. मी तिला हाताला धरून पायरीवर नेलं, एक मणी तिच्या बोटांत दिला आणि उन्हाकडे धरायला सांगितलं. तिने तो डोळ्याच्या अगदी जवळ नेला. फिरवला. दुसऱ्या डोळ्याने पाहिला. रस्त्यावरून एक जीप गेली, धुरळा उडाला, तरी तिचा हात तसाच वर होता.

"हाय," ती शेवटी म्हणाली. "निळीच हाय."

ती आत आली, खुर्चीवर बसली, बाजूला ठेवलेलं पाणी घटाघटा प्यायली. पेला खाली ठेवला. मग मणी माझ्या हातात परत दिला आणि बोटाने आपल्या गळ्यापासून छातीपर्यंत माप दाखवलं.

"माह्यासाठी एक कर," ती म्हणाली. "पन मले उन्हातही काळीच दिसनारी पायजे."